बुडबुडा मधोमध

नवरा : माणसाने आयुष्यात विसंबावं ते फक्त स्वतःच्या दोन हातांवर.

मेहुणा : हो भाऊजी. पण ते आहेत कुठे?

नवरा : डावा पट्ट्याखाली आहे. उजवाही पट्ट्याखालीच आहे, पण त्याची बोटं बाहेर आहेत.

मेहुणा : मग त्या बोटांनी बकलचं लाल बटण दाबा.

नवरा : दाबलं. आत गेलं.

मेहुणा : आणि?

नवरा : आतच राहिलं.

मेहुणा : त्याला आतून स्प्रिंग असते ना, बाहेर ढकलायला?

नवरा : होती. गंजली होती. मी तिच्या जागी पेनातली घातली.

मेहुणा : पेनातली.

नवरा : चांगल्या पेनातली, ढब्या. तीस वर्षं तर्कशास्त्राचे पेपर तपासले मी त्या पेनाने. शेकडो मुलं नापास झाली, स्प्रिंग एकदाही अडकली नाही.

मेहुणा : बरं, पट्टा थोडा ओढा. ढील मिळाली की खालून सटका.

नवरा : ओढला तर तो जागचा हलत नाही. उलट मी श्वास सोडला की तेवढा आत जातो. मघाशी एक उसासा टाकला, पट्टा दोन बोटं आत गेला.

मेहुणा : मग उसासे बंद ठेवा. ताईला बोलावू का?

नवरा : अजिबात नाही! किती वाजले?

मेहुणा : सव्वाचार.

नवरा : पाचला तो दातांचा डॉक्टर गाडी विकत घ्यायला येतोय, आणि तुझ्या बहिणीची अट तुला ठाऊक आहे. पाचच्या आत तिला या गाडीतून एक फेरी. दोघांचे पट्टे लागलेले हवेत, दिवे जिथे पडायला हवेत तिथे पडायला हवेत. नाहीतर गाडीची किल्ली डॉक्टरच्या हातात. तीन वर्षं, ढब्या! तीन वर्षं जपली मी ही गाडी.

मेहुणा : चालली किती त्यात?

नवरा : प्रश्न चालण्याचा नाही. दोन सीटची, लालभडक, छप्पर उघडणारी स्पोर्ट्स कार माणसाच्या अंगणात उभी असली की...

मेहुणा : की स्कूटर रस्त्यावर लावावी लागते. ताई म्हणते तेच म्हणतोय मी.

बायको : काय म्हणते ताई? अहो, वरच्या काकूंचा फोन आला होता. पडदे ओढून पडल्या होत्या बिचाऱ्या. म्हणाल्या, छतावर दोन सूर्य उगवलेत, आणि दोन्ही तुमच्या अंगणातून.

नवरा : नवे हेडलाइट आहेत ते. जुन्यांच्या चौपट उजेड.

बायको : उजेड असेल हो. तो रस्त्यावर नको का पडायला? दुसऱ्या मजल्यावरून समोरून गाडी कोणाची येणार आहे?

नवरा : किंचित वर लागलेत, एवढंच.

बायको : आणि तुम्ही असे का बसलायत? छाती फुगवून? कोणी फोटो काढतंय का?

नवरा : मी गाडीशी एकरूप झालोय.

मेहुणा : अडकलेत, ताई.

बायको : तरीच म्हटलं, अर्धा तास झाला, यांनी चहा कसा मागितला नाही! थांबा, फ्रॉक कापायची मोठी कात्री आणते.

नवरा : कात्री नको! पट्टा नवाकोरा आहे, गुंडाळायच्या पेटीसकट मागवलेला. तो कापलास की फेरी गेली, आणि फेरी गेली की गाडी गेली.

बायको : आणि तुमचा जीव गेला म्हणजे?

नवरा : पट्टा तरी अखंड राहील.

बायको : ढब्या, तू लिफ्ट दुरुस्त करतोस ना? दोन मजल्यांमध्ये अडकलेली माणसं काढतोस. तसं काढ यांना.

मेहुणा : ती माणसं स्वतः लिफ्ट बसवत नाहीत गं. भाऊजी, हा पट्टा सकाळी चालत होता का?

नवरा : लोण्यासारखा. दहा वेळा ओढून पाहिला.

मेहुणा : मग अडकला कधी?

नवरा : मी पट्टा लावून बसलो, तुला म्हटलं, आता जॅक उतरव. तू उतरवलास. त्या क्षणी.

बायको : म्हणजे याचीच चूक!

नवरा : मी नाव घेतलं नव्हतं. पण घटनाक्रम बोलका आहे.

मेहुणा : भाऊजी, पट्ट्याची पेटी बसवलीत कशी? जुनी भोकं तर गंजून गेली होती.

नवरा : नवी पाडली. आणि डोळ्यांच्या अंदाजावर गेलो नाही मी, तुझ्यासारखा. गवंड्याकडून पाणसळ आणली. तिच्या काचेच्या नळीतला बुडबुडा बरोबर मधोमध आला, तेव्हाच बोल्ट आवळला.

मेहुणा : आणि दिवे?

नवरा : दिव्यांनाही पाणसळ. बुडबुडा मधोमध. केसभर इकडे नाही, केसभर तिकडे नाही.

मेहुणा : गाडी तेव्हा जॅकवर होती.

नवरा : अर्थात. खाली शिरायचं होतं मला.

मेहुणा : मागची बाजू वर, नाक खाली.

नवरा : अर्थात.

मेहुणा : भाऊजी.

नवरा : काय?

मेहुणा : काही नाही. शब्द शोधतोय. तुम्ही मोठे आहात.

बायको : मी लहान नाही. मला सांग.

मेहुणा : ताई, त्या पेटीत एक छोटी गोळी असते. गाडी कलंडायला लागली की गोळी घरंगळते आणि पट्टा जागच्या जागी पकडते, म्हणजे माणूस बाहेर फेकला जात नाही. यांनी पेटी सरळ बसवली, पण गाडी तिरकी असताना. आता गाडी सरळ झाली आणि पेटी तिरकी. त्या गोळीला वाटतंय, गाडी उलटतेय.

बायको : किती वेळ वाटत राहणार?

मेहुणा : गाडी सरळ उभी असेल तोवर.

नवरा : थांबा. मला हे नीट मांडू द्या. म्हणजे पेटी पृथ्वीला सरळ आहे.

मेहुणा : होती.

नवरा : दिवेही पृथ्वीला सरळ.

मेहुणा : होते.

नवरा : म्हणजे माझं काम अचूक आहे. चूक गाडीच्या उभं राहण्यात आहे.

बायको : तीस वर्षं ती मुलं समोर बसून हे ऐकत होती. आणि नापास म्हणे तीच झाली!

मेहुणा : हलू नका भाऊजी, मागून परत उचलतो.

(जॅकच्या दांड्याची करकर. गाडीची मागची बाजू वीतभर वर जाते.)

नवरा : सुटला! बघ, बघ, लोण्यासारखा! हा डावा हात. हा उजवा.

बायको : मुंग्या आल्या असतील. चोळा जरा. आणि बाहेर या आधी.

नवरा : आणि दिवे?

मेहुणा : बरोबर खाली आलेत. रस्त्यावर पडतील असे.

बायको : काकूंचा मेसेजही आलाय. सूर्य मावळले म्हणतात.

नवरा : ढब्या, पेटी आणि दिवे परत बसवायला किती वेळ?

मेहुणा : मी बसवले तर तीन तास. तुम्ही मदत केलीत तर परवा.

नवरा : आणि पाच वाजायला?

मेहुणा : वीस मिनिटं. बकलचं तेवढं आत्ता करून देतो. माझ्या पिशवीत लिफ्टच्या बटणाची स्प्रिंग आहे. लाख वेळा दाबा, लाख वेळा बाहेर येईल.

बायको : राहू दे ना रे आता. अहो, खरंच राहू द्या. डॉक्टर येतीलच एवढ्यात. भले गृहस्थ आहेत, चढ चढून येतात, धाप लागते त्यांना.

नवरा : काय म्हणालीस?

बायको : भले गृहस्थ आहेत.

नवरा : ते नव्हे. चढ! येताना जो चढ, तोच जाताना काय?

मेहुणा : भाऊजी, नको.

नवरा : उतार! फाटकाबाहेर पडलं की सरळ उतार! म्हणजे मागची बाजू वर, नाक खाली. ढब्या, पाणसळ घे आणि रस्त्यावर ठेवून बघ. किती उतार आहे ते सांग.

मेहुणा : जॅकएवढाच आहे. मघाशीच लक्षात आलं होतं माझ्या. मुद्दाम बोललो नाही.

नवरा : म्हणजे उतारावर ही गाडी संपूर्ण निर्दोष आहे!

बायको : आणि सपाटीवर?

नवरा : सपाटीवर थोडी आवळेल.

बायको : आणि परत येताना? चढावर?

मेहुणा : चढावर काकूंना परत उजाडेल, ताई.

नवरा : परतीचं परतीला बघू. आधी मला सांग, तू अटीत फेरी म्हणाली होतीस की नाही?

बायको : फेरी म्हणजे जाऊन परत येणं. माणूस नुसता गेला, तर त्याला फेरी म्हणत नाहीत.

नवरा : चल ना गं. एकदा. छप्पर उघडतो. तुझ्या बाजूचा पट्टाही मीच बसवलाय.

बायको : तसाच?

नवरा : हुबेहूब.

बायको : इंजिन तरी बरं आहे का रे, ढब्या?

मेहुणा : इंजिन उत्तम आहे. त्याला अजून भाऊजींचा हात लागलेला नाही.

बायको : बरं. कात्री आत ठेवते, चपला बदलते आणि येते.

नवरा : पाहिलंस? येते म्हणाली! तीन वर्षांत पहिल्यांदा. ढब्या, स्प्रिंग बसली का?

मेहुणा : दोन्ही बकलं करून ठेवली. दाबून बघा. आत, बाहेर. आत, बाहेर.

नवरा : वा. आता जॅक उतरव, गाडी ढकलत फाटकाबाहेर काढू. हळू. पुढची चाकं उतरली... मागची उतरली. ब्रेक लावला. पट्टा ओढतो. लोणी! अगं, ये लवकर, पाचला दहा कमी आहेत!

बायको : आले, आले. केवढं खाली बसायचं हे, जमिनीवर बसल्यासारखं! पण सीट मऊ आहे हो. मला वाटलं होतं टोचेल.

नवरा : वाराही बघशील आता. लाव बरं पट्टा.

बायको : लागला. खट्‌ झालं. अहो, खरंच लागला की!

नवरा : मग? ढब्या, खाली बघ, रस्ता मोकळा आहे ना?

मेहुणा : मोकळा आहे. डॉक्टरही दिसत नाहीत अजून.

बायको : नाही दिसणार. मी आत गेले तेव्हा फोन केला त्यांना. म्हटलं, तुम्ही धापा टाकत वर येऊ नका, आम्हीच येतो.

नवरा : आम्हीच? कुठे?

बायको : हा उतार त्यांच्या फाटकात संपतो.