पोराला मी काढलेलं नाही

…आणि वर मलाच विचारतात हो, "काय शेठ, पोराला काढलंत म्हणे?" अहो, पोराला मी काढलेलं नाही. तो पंचवीसचा झाला, आणि इथं मुलगा पंचवीसचा झाला की बापाच्या व्हिसावरून उतरतो, त्याला मी काय करू? मी अमिरातीतल्या फुजैरा बंदरात जहाजांना दोरखंड नि कांदे पुरवणारा माणूस, कायदे काय मी करतो? पण कॅन्सलच्या कागदावर सही बापाची, म्हणून पोराची आई, आमची उर्मिला, आठवडाभर ताट वाढताना विचारत होती, "आणखी कोणाला काढायचंय?"

बरं, देवांशनं जायचं कुठं? जन्म इथला, शाळा इथली. व्हिसा उतरल्यावर मिळते त्या मुदतीत नोकरी लागली नाही तर थेट गावी, दापोलीला. दापोलीला तो माझ्याबरोबर सुट्टीत जातो तेव्हा तिसऱ्या दिवशी आमची ठकुबाई आत्या ओटीवरून मला विचारते, "पाहुणा कधी जायचाय रे?" म्हटलं, आत्या, हा आपला देवांश. "हो, हो. पण जायचाय कधी?" आता अशा ठिकाणी पोराला कायमचा कसा धाडायचा?

दुबई मरीनातल्या ऑफिसांनी मुलाखती घेतल्या, "वुई विल कॉल यू" म्हणाले, इन्शाल्ला… मुदत संपत आली तरी फोन नाही. तेव्हा आमची कागदपत्रं करणारा टायपिंगवाला हम्माद म्हणाला, "शेठ, दुकान किसका है? लडके को नौकरी पे रख लो, खलास."

म्हणजे बघा, पोराला मी काढलेलं नाही, उलट ठेवून घेतलाय. व्हिसा दोन वर्षांचा. आणि आमच्या दुकानाची रीत अशी, की दोन वर्षांनी प्रत्येक माणसाला घरी जायचं तिकीट मालकानं द्यायचं, ते करारातच असतं. आमचा गोदामवाला भिकाजी त्याच तिकिटावर गुहागरला जाऊन येतो. तर हम्मादनं टाईप करता करता विचारलं, "लडके का घर? कहाँ का टिकट लिखूँ?" मी 'दापोली' म्हणायला तोंड उघडलं, तर देवांश मोबाईलमधून मान वर न काढता म्हणतो, "बाबा, होम इज अपस्टेअर्स."

आता खोटं कसं म्हणू? दुकानाच्या वर तिसऱ्या मजल्यावर राहतो आम्ही. हम्माद माझ्याकडे बघतोय, मी देवांशकडे… शेवटी म्हटलं, लिख दे.

तेव्हा मंडळी, पोराला मी काढलेलं नाही. दोन वर्षांनी त्याला मालकाच्या खर्चानं रीतसर घरी पाठवायचंय. तोवर बिल्डिंगवाल्यानं लिफ्ट दुरुस्त केली म्हणजे मिळवली.