थोरला मावेल अशी गाडी

हॅलो? … हॅलो, कोण? … हां, मेव्हणेबुवा! बोला, बोला… नाही रे, झोपलो नव्हतो, हळू बोलतोय. … बाहेरच्या खोलीत माणूस बसलाय म्हणून हळू बोलतोय. … पाहुणा नाही, गिऱ्हाईक. … सांगतो, आधी तुझं काय ते सांग.

हो… हो… उद्या सकाळी तुमच्या शोरूमचा माणूस येणार, आमची जुनी गाडी घेऊन जाणार, नवी दाराशी लावणार. समजलं. … कागद काढून ठेवलेत. … रंग? रंग छानच आहे… हो, हो… अरे, ऐक ना… अरे बाबा, एक मिनिट श्वास घे आणि ऐक! तुझी ताई थोरल्याला विकतेय.

… थोरल्याला! तिचा डबल बेस! आमच्या घरात दुसरा कोण थोरला आहे? … आत्ता. ते गिऱ्हाईक त्यासाठीच आलंय. म्हणून तर मी आतल्या खोलीत दार लोटून उभा आहे.

… ओरडू नकोस, कानठळ्या बसतील माझ्या. … भांडण? छे! भांडली असती तर बरं झालं असतं. काल भाजी चिरता चिरता म्हणाली, "अहो, थोरल्यासाठी एक जण येतोय उद्या. मीच बोलावलंय." संपलं. पुन्हा भाजी चिरायला लागली.

… का म्हणजे? तुझ्या नव्या गाडीत मावत नाही तो!

… अरे, माहितीपत्रकात काय लिहिलंय ते मला नको वाचून दाखवूस. डिकी पाचशे लिटरची, पाचशे लिटरची! तुझी ताई काय दूध घालायला जाते? माणसाहून उंच वाद्य आहे ते. त्याला लिटर नाही, लांबी लागते. आडवं झोपायला सपाट जागा लागते.

… सीट पाडूनही बघितलं. … मी नाही, तिने. रविवारी तुझ्या शोरूममध्ये आपण दोघं चहा पीत होतो, तेव्हा ती मागे वाकून काय करत होती, आठवतंय? तू म्हणालास, "ताईला डिकी आवडलेली दिसतेय." ती पर्सचा पट्टा सोडून माप घेत होती! … मला तरी कुठे ठाऊक होतं? काल विचारलं तेव्हा सांगितलं. सीट पाडली तरी मध्ये पायरी राहते, छप्पर मागे उतरत जातं, आणि थोरल्याची मान राहते बाहेर.

… हो ना. मी चष्मेवाला. गावभरच्या डोळ्यांचे नंबर काढतो आणि माझ्या घरातलं मला दिसलं नाही.

… नाही, तुझी काही चूक नाही. … अरे नाही म्हणतोय ना! तू मनापासून केलंस. ताईने आता जरा उंच बसावं, ऐटीत फिरावं… कळतं रे मला. तिलाही कळतं. म्हणूनच तर गप्प बसली. धाकट्या भावाने एवढ्या हौसेने जमवून आणलंय, त्याला नाही कशी म्हणणार? उलट मलाच बजावलं, "त्याला कळू देऊ नका." आणि मी तुला सांगून मोकळा झालो. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, त्याला मी काय करू?

… टपावर? थोरल्याला टपावर बांधायचं? … अरे, तो काय गादी आहे? … बसमध्ये एकदा ती त्याला घेऊन गेली होती. ड्रायव्हर म्हणाला, "एक तर तुम्ही या, नाहीतर यांना पाठवा." … हसू नकोस. ती त्या दिवशी पाऊण रस्ता त्याला पाठीवर घेऊन चालत आली होती. … व्हॅन? प्रत्येक तालमीला भाड्याची व्हॅन? वाद्यवृंदात जे मिळतं ते सगळं व्हॅनवाल्याच्या हातावर ठेवायचं मग.

… मुंगसाचं काही खरं नाही रे आता. … नाव तूच ठेवलं होतंस ना? बुटकी, लांब, जमिनीला चिकटून जाणारी गाडी म्हणून मुंगूस. … मुंगसाचा तळ गंजलाय. पायाखालची चटई उचलली की रस्ता पळताना दिसतो. मेकॅनिक म्हणतो, भाग येत नाहीत, कंपनीने बनवायचीच बंद केली.

… तेच तर विचारतोय मी तुला! एवढ्या गाड्या विकतोस, तर अशीच एखादी, मागे लांब सपाट जागा असलेली लहान स्टेशन वॅगन दे ना आम्हाला. जुनी दे, रंग उडालेली दे. … कुठल्याच कंपनीची नाही? … एकही नाही? … मोठ्या आहेत, हो, पण मोठी आमच्या गल्लीत वळत नाही. पार घराघरांत शिरेल ती.

हं… हं… म्हणजे लोकांनाच नको? … येतात, हात फिरवतात, "वा, काय सोयीची आहे" म्हणतात, आणि शेजारची उंच गाडी घेऊन जातात. … खरंय. नाटकाला पुढच्या रांगेतला एक उठून उभा राहिला की मागच्या सगळ्यांना उभं राहावं लागतं, तसलाच प्रकार. … हो बाबा, आम्हीही जुनीच घेतली होती. नवी कुणी घ्यायची नाही आणि कंपनीने मात्र बनवत राहायचं, असं कसं होईल? बरोबर आहे तुझं.

पण वाईट वाटतं रे. अंगाने एवढीशी आणि पोटात घर मावायचं तिच्या. कसला म्हणून डामडौल नाही. आमचा फ्रिज तिच्यातून आला. तुझी आई पाय मोडला तेव्हा हॉस्पिटलमधून तिच्यातच आडवी होऊन आली, आणि वाटभर मला गियर कधी टाकायचा ते सांगत होती. तुझ्या त्या उंच गाडीत सासूबाईंना चढवायला शिडी लावावी लागली असती!

… थांब. … थांब ना जरा, खुर्च्या सरकल्या. उठले वाटतं.

… कोण म्हणजे, एक हॉटेलवाला आहे. माणूस वाईट नाही हं. बूट बाहेर काढले, पाणी मागून प्यायला. … वाजवत नाही रे! त्याला वाजवायचाच नाहीये. नवं हॉटेल उघडतोय, तिथे जिन्यापाशी उभा करणार. शोभेला. पोटात दिवा बसवणार म्हणे, त्या दोन फटींतून उजेड छान पडेल. … या कानांनी ऐकलं. … ती काय म्हणणार? "बरं" म्हणाली. मग थोड्या वेळाने पुन्हा एकदा "बरं" म्हणाली.

… मी काय हातावर हात ठेवून बसलो होतो का? बोललो ना काल रात्री! म्हटलं, नवी गाडी नको, आपण पायी फिरू. तर म्हणते, "तुम्ही फिराल हो पायी, तो कसा फिरेल? मुंगूस गेलं की हा खोलीत नुसता उभा राहणार आणि मी रोज त्याच्यासमोरून ये-जा करणार. त्यापेक्षा जाऊ दे." … हो ना. मग मी आपला गाडीचे कागद काढायला बसलो.

… आत्ता नको, आत्ता तिला फोन देता येणार नाही. जिना उतरताहेत. … नाही, मला म्हणाली, "तुम्ही वरच थांबा." थोरल्याला ती कुणाला हात लावू देत नाही, पाठीवर घेऊन एकटीच उतरते. … मी खिडकीशी आलो. थांब, पडदा सारतो. … हां, दिसतंय.

अरे बापरे! … काही नाही रे, त्या माणसाची गाडी बघितली. उंच, चकचकीत, पाय ठेवायला पायरी असलेली. … तुमच्याकडचीच असणार! तुझ्या नव्या गाडीची सख्खी बहीण.

… उघडलं मागचं दार. … थोरल्याला पायाकडून घालतोय… नाही. काढला. … आता मानेकडून… नाही. … सगळ्या सीट पाडल्या. … तिरका करून बघतोय. … तुझी ताई हाताची घडी घालून उभी आहे. … आता दार खाली ओढतोय… अरे अरे अरे! … तिने हात घातला मध्ये! मानेवर आपटत होतं दार! … नाही, लागलं नाही. तिलाही नाही, त्यालाही नाही. … बोलतेय आता काहीतरी. … येतंय ऐकू, खिडकी उघडी आहे. "ओढू नका त्याला," म्हणाली. … तो बिचारा सारखी माफी मागतोय. म्हटलं ना, माणूस वाईट नाही.

… आता इकडे तिकडे बघतोय. … मुंगसाकडे बोट दाखवतोय. … आमच्याच गाडीकडे! विचारतोय, यातून हॉटेलपर्यंत पोचवून द्याल का. … घे! म्हणजे थोरल्याला घालवून द्यायलाही मुंगूसच.

… हो म्हणाली. … "हो" म्हणाली रे. मुंगसाचं मागचं दार वर केलं तिने. … मला नाही बोलावत. … नको, तू फोन ठेवू नकोस. मला एकट्याला हे बघवत नाही.

… ठेवला. खालचं टोक काठावर टेकवलं आणि हलकेच लोटलं. गुडघ्याएवढा तर काठ, उचलावंसुद्धा लागत नाही. गेला सरळ आत, पोर पांघरुणात शिरतं तसा. दार लावलं. … तो बघत उभा आहे, तोंड उघडं टाकून. विचारतोय, ही गाडी कुठे मिळते. … खरंच! … ती म्हणाली, "आता नाही मिळत."

… आहे, आहे मी. … ती आत बसली. … मागे, ड्रायव्हरच्या पाठच्या सीटवर. पुढे कशी बसणार, पुढची सीट पाडून तिथे थोरल्याची मान येते. ती कायम मागेच बसते, एक हात त्याच्यावर ठेवून. एवढ्या वर्षांत आम्ही तालमीला कधी शेजारी शेजारी बसून गेलो नाही. मी आपला आरशात बघून बोलतो तिच्याशी. … मला आवडतं रे ते. तिला कधी सांगितलं नाही.

… तो काचेशी वाकलाय. पत्ता सांगत असेल. … तिने काच खाली केली. … गप्प, गप्प, ऐकू दे मला. …

अरे! … "माफ करा," म्हणाली. "जिन्यापाशी दुसरं काहीतरी उभं करा. हा अजून वाजतो." … असंच म्हणाली! शप्पथ! … तो काय करणार, मान हलवतोय. … नाही, चिडला नाही. मागच्या काचेतून थोरल्याकडे बघतोय, आणि हसला की जरासा. … गेला. आपल्या गाडीत चढून बसला.

… रडतोस काय लेका? … मी? मी नाही. … बरं, थोडासा.

हे बघ, आता नीट ऐक. उद्या माणूस पाठवू नकोस. नवी गाडी दुसऱ्या कुणाला तरी दे. … तुझी हौस मोडली रे, राग धरू नकोस. … नाही ना? … गुणाचा आहेस. … मुंगसाचा तळ पत्रा मारून घेतो. … तुझ्या ओळखीचा आहे पत्रा मारणारा? मग इतके दिवस का नाही बोललास? … हो, मी विचारलं नव्हतं, बरोबर आहे. … टिकेल तितकी टिकेल. तोवर तू शोधत राहा. कुणीतरी शेडमध्ये झाकून ठेवलेली असेलच एखादी, आपल्यासारखंच वेडं कुणीतरी. … ताईशी उद्या बोल, हो. पण तुला सगळं कळलंय असं तिला… बरं, सांग, सांग. आता काय लपवायचं?

… अरे, हा हॉर्न आमचाच! … तीच. मागून हात लांब करून वाजवतेय. गल्लीतली सगळी खिडक्यांत आली. … कुठे जायचं म्हणजे? आज तालीम आहे! पंधरा दिवस गेली नाहीये ती. … पुन्हा वाजवला बघ. … अरे ठेव ना तू आता! … आलो गं, आलो!