पहिल्या शेडची किल्ली

हे २०२४ च्या उन्हाळ्यातलं, मे महिन्यातलं सांगतो. माझं एक जुनं गिऱ्हाईक मला त्याच्या समाजसेवेच्या क्लबात दुपारच्या जेवणाला घेऊन गेलं. पाहुणा वक्ता तरुण उद्योजक होता. बघतो तर निखिल! माझ्या वाघोलीच्या शेडमध्ये दोन वर्षं फुकट धंदा करून गेलेला.

माइक धरून म्हणाला, "मला कुणीही मदत केली नाही." मग खिशातून किल्ली काढून उंच धरली. "ही माझ्या पहिल्या शेडची. अजून जपून ठेवली आहे."

टाळ्याच टाळ्या. शेजारच्या बाईंनी तर डोळे पुसले.

अध्यक्षांनी विचारलं, "कुणाला काही प्रश्न?"

मी उठलो. "शेड माझी आहे. आपण किल्ली न देताच गेलात. मला चांगलं कुलूप तोडावं लागलं. ते कोण भरून देणार?"

"काका, तुम्ही?"

"मीच. किल्ली बरी लक्षात राहिली, मालक विसरलात!"

अध्यक्षांनी घाईघाईने घंटा वाजवून सभा संपवली.

संध्याकाळी तो एकटाच शेडवर आला. नवं कुलूप आणि त्याच्या तिन्ही किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या.