शिंपी यांचे चौथे ठिगळ

माझे नाव व पत्ता पोलीस ठाण्याच्या नोंदवहीत दिल्याप्रमाणे. वय ४७ वर्षे. व्यवसाय नोकरी, संगणक प्रणालीची देखभाल, काम घरूनच. राहणार वरील पत्त्यावर, एकटी.

आज दिनांक १९ रोजी दुपारी ठाण्यात स्वतः हजर राहून, मला विचारल्यावरून सांगते ते असे की,

मी वरील ठिकाणी नऊ वर्षांपासून राहते. संगणक चालू झाल्यावर त्याच्या तळाशी जो मुख्य कार्यक्रम चालतो त्यास कर्नल म्हणतात. (मिलिटरीतले का, असे अंमलदार यांनी विचारले. तसे नाही.) बाकीचे सर्व कार्यक्रम त्याच्या परवानगीने चालतात. त्यातील एका भागाची देखभाल आम्ही सहाजण करतो. कोणी त्यात भोक शोधून कळवले तर ते बुजवायचा दुरुस्ती-मजकूर तयार करून सर्वांना देणे हे आमचे काम आहे. आम्ही त्यास ठिगळ म्हणतो.

मयत इसम यांना मी अकरा वर्षांपासून लेखी निरोपांवरून ओळखते. ते आम्हा सहांपैकी नव्हते. बाहेरून भोके शोधून कळवायचे, सोबत ठिगळही पाठवायचे, आणि खाली ‘शिंपी’ अशी सही करायचे. त्यांचे खरे नाव मला ठाण्यात समजले. ते मला ‘बाई’ म्हणत. माझ्या कामात चूक निघाली की “शिवण उसवली बाई” एवढेच लिहीत. अकरा वर्षांत आमचे अहोचे अरे झाले नाही. आवाज ऐकला नव्हता, फोटो पाहिला नव्हता.

सहा वर्षांपूर्वी माझ्या कीबोर्डची ‘र’ची कळ अडकून अक्षर दोनदा उमटत असे. “तुमचे निरोप तोतरे येतात,” असे लिहून त्यांनी माझा पत्ता मागितला व स्वतः दुरुस्त केलेला कीबोर्ड पार्सलने पाठवला. खोक्यावर त्यांचा पत्ता होता. तो याच शहरातील, माझ्या घरापासून बसने चौदा थांब्यांवरचा निघाला. मी पोच दिली, आभार मानले. पत्त्याचा विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही. त्याचे कारण विचारले असता, कारण सांगता येत नाही.

या महिन्याच्या २ तारखेस शिंपी यांनी एक मोठे भोक कळवले. समजेल असे सांगा म्हटल्यावरून सांगते. भाडेकरू खोली सोडून गेला, खोली दुसऱ्याला दिली, पण जुन्या भाडेकरूची किल्ली चालूच राहिली, असा तो प्रकार होता. त्या किल्लीने संगणकावरचा साधा पाहुणाही मालक होऊन बसू शकत होता. दवाखाने, तिकीट खिडक्या, पाणीपुरवठा, सगळीकडे हाच कर्नल आहे. ठिगळ तयार होईपर्यंत बाहेर अवाक्षर काढायचे नाही, आणि १७ तारखेस सकाळी १० वाजता ते सर्वांना एकदम द्यायचे, असे ठरले.

त्यांनी एकामागून एक तीन ठिगळे पाठवली. तिसऱ्याने भोक बुजत होते, परंतु कामाचा ताण आला की दोनेक तासांत यंत्र गोठत होते. ८ तारखेस मी तसे कळवले. सायंकाळी ५.४० वाजता उत्तर आले, “बघतो. जेवून बसतो.” त्यानंतर त्यांचा निरोप नाही. ते त्याच दिवशी उत्तर देणारे होते. मी ९, १० व ११ तारखेस मिळून सात निरोप पाठवले.

१२ तारखेस आम्हा सहांचे फोनवर बोलणे झाले. आमच्यातील एकास आम्ही ‘वकील’ म्हणतो, कारण ते प्रत्येक गोष्टीत उलट बाजू मांडतात. ते म्हणाले, “माणूस गप्प का बसलाय? भोक विकलं असणार बाहेर.” मला मत विचारले. मी “शक्यता नाकारता येत नाही” असे म्हणाले, व तसे टिपणात लिहिलेही. ते लिहिले तेव्हा शिंपी यांना जाऊन तीन दिवस झाले होते, हे मागाहून कळले.

१४ तारखेस सकाळी ११.१५ चे सुमारास मी खोक्यावरच्या पत्त्यावर गेले. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. बेल वाजवली, दार वाजवले. आतून यंत्राच्या पंख्याचा आवाज येत होता. समोरच्या दारातून एक वयस्कर बाई बाहेर आल्या. आमचे बोलणे झाले ते असे.

“कोण हो तुम्ही?”

“त्यांच्या कामावरची.”

“कामावर जातात होय ते? आम्हाला वाटलं रिटायर झालेत. माझा मिक्सर दोनदा दुरुस्त करून दिला, पण घरात या म्हटलं तर उंबऱ्यावरूनच मागे. त्यांच्याकडे कोणी आलेलं मी तरी पाहिलं नाही. तुम्ही पहिल्याच.”

दाराच्या फटीशी वाकल्यावर वास आला व मला काय ते समजले. ११.३० वाजता मी ठाण्यास फोन केला. हवालदार व किल्लीवाला आले, दार उघडले. शिंपी टेबलाजवळ जमिनीवर पडलेले होते. “ओळखता का?” असे हवालदारांनी विचारले. मी चेहऱ्याने ओळखत नसल्याचे सांगितले. डॉक्टरांच्या मते मृत्यू ९ तारखेस सायंकाळी, हृदय बंद पडून झाला. वय ६१ होते. मी त्यांना माझ्यापेक्षा लहान समजत होते.

नातेवाईक शोधण्यासाठी काही साधन मिळेना. फोनमध्ये एकही नाव साठवलेले नव्हते. जुन्या कागदावर मूळ गावचा पत्ता होता, तिथे आता रस्ता झाला आहे. टेबलावरचे यंत्र चालू होते, पण त्यास पासवर्ड होता. हवालदार म्हणाले, “मॅडम, तुमचं तर हेच काम. उघडेल का?” यंत्रावर पाहुण्यासाठी वेगळे खाते होते, ते बिनपासवर्डाचे होते. दोन पंचांसमोर मी त्यातून आत गेले व शिंपी यांनीच शोधलेल्या भोकातून मालक होण्याचा प्रयत्न केला. तीन वेळा केला. झाले नाही. भोक बुजलेले होते.

म्हणून मी यंत्राची माहिती पाहिली. तेवढी पाहुण्यालाही दिसते. कर्नलच्या नावापुढे ‘शिंपी-४’ असे होते. आमच्याकडे तीनच आली होती. यंत्र ९ तारखेच्या सकाळपासून, म्हणजे पाच दिवस, पूर्ण ताणाखाली अखंड चालू होते. गोठले नव्हते. चौथे ठिगळ जमले होते, आणि ते त्या पासवर्डाच्या आत राहिले होते. मी खुर्चीवर बसून राहिले. हवालदारांनी पाणी आणून दिले.

यंत्र पंचनाम्यात जप्त झाले. मी घरी येऊन तिसरे ठिगळ पुन्हा सुरुवातीपासून वाचले. दुरुस्ती जमते हे माहीत झाल्याने चूक शोधणे सोपे गेले. १६ तारखेस दुपारी ४ वाजता चूक सापडली. त्याच खोलीच्या भाषेत सांगायचे तर, कडी आधी काढली जात होती व जुन्या भाडेकरूची नोंद नंतर पुसली जात होती. दोन ओळींची अदलाबदल करावी लागली. १७ तारखेस सकाळी १० वाजता ठिगळ सर्वांना दिले. लेखकाच्या जागी मी शिंपी यांचे नाव लावले.

त्यावरून वकील यांचा फोन आला. “ताई, चौथं तुम्ही लिहिलंत. नाव तुमचं लावा.”

“त्यांनी आधी लिहिलं होतं.”

“पाहिलंत तुम्ही ते?”

“चालताना पाहिलं.”

वकील म्हणाले, “बारा तारखेचं टिपण मी काढून टाकतो.” मी त्यांना ते राहू द्या असे सांगितले.

भोक कोणास विकले गेल्याची काही खूण आमच्या पाहण्यात नाही. माझा कोणावरही संशय नाही. आजपर्यंत मयताचे कोणी नातेवाईक पुढे आलेले नाहीत. मृतदेह माझ्या ताब्यात मिळावा असा अर्ज मी सोबत दिला आहे. नात्याच्या रकान्यात काय लिहू, असे अंमलदार यांनी विचारले. त्यांनी तो रकाना तूर्त कोरा ठेवला आहे.

वरील मजकूर संगणकावर टंकून मला मोठ्याने वाचून दाखवला. पान दोनवर मयताचा उल्लेख ‘अनोळखी इसम’ असा आला होता. तो माझ्या सांगण्यावरून खोडून ‘ओळखीचे’ असा केला असून, खाडाखोडीशेजारी माझी सही आहे. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.