चाचीच्या चुलीजवळचा झरोका

माझ्या गवंडीकामाला हसू नका, तेर गावात एक भिंत अजून उभी आहे माझी. पूर ओसरल्यावर पडलेली घरं बांधायला ढोकीहून आम्ही पाचजण एका गवंड्यासोबत मदतीला गेलो होतो. रशीदाचाची आणि शेजारच्या गोदाकाकू, यांच्या दोन घरांमधली भिंत माझ्या वाट्याला आली. आठ दिवस खपलो. ओळंबा लावून अशी सरळ घेतली, की आमचा गवंडीसुद्धा खोड काढू शकला नाही.

चाचीला ऐटीत दाखवली. "चाची, आता कितीबी पाणी येऊ द्या, ही हलायची न्हाय."

चाचीनं भिंतीवरून हात फिरवला. "लई मजबूत केली बेटा. पर वाटी कुठून देऊ?"

"कसली वाटी?"

"कालवणाची. इथं चुलीजवळ झरोका होता. चाळीस साल झाले, माझं कालवण तिकडं, गोदाचं इकडं."

मी वैतागलो. "मग दारातून द्या की!"

"दारातून पाव्हण्याला देतेत."

गवंड्यानं हसत हसत छन्नी-हातोडा माझ्याच हातात दिला. माझीच भिंत मीच फोडली. शेवटची वीट निघाली, मी धूळ झटकतोय तोवर पलीकडून गोदाकाकूंचा हात आला, आमटीच्या वाटीसकट.

मागल्या उन्हाळ्यात गोदाकाकूंकडं सहज डोकावलो. चहा पितोय, तेवढ्यात झरोक्यातून वाटी आली आणि मागून चाचीचा आवाज.

"ढोकीवाल्याला दे गं. त्याला दारातून न्हाय देणार मी."