कारण सापडल्याशिवाय

...नाही, तुम्ही हसू नका, तुमच्या घरी असा माणूस असता ना, तर तुम्हीही डबा हातात धरून असेच सुस्कारे सोडले असते. तुम्हाला सांगतो, रोज दुपारी मी माझ्या सख्ख्या मोठ्या भावाच्या दाराशी उभा राहतो, बेल वाजवतो, आणि आतून आवाज येतो, "कोण?" अरे कोण म्हणजे? बेल तीच, वेळ तीच, आवाज तोच. "मी आहे दादा." "मी म्हणजे नक्की कोणाचा माणूस, ते आधी ठरू दे." आता याला भोळा म्हणायचं की हुशार, तुम्हीच सांगा.

दादा लिफ्टचा मेकॅनिक. म्हणजे होता, आता रिटायर झालाय, पण लिफ्ट काही डोक्यातून गेलेली नाही. कुठे लिफ्ट बंद पडली की हा आधी आतली माणसं बाहेर काढणार, त्यांना पाणी पाजणार, आणि मग वरच्या खोलीत मशीनसमोर मांडी घालून बसणार. कधी कधी काय व्हायचं, लिफ्ट आपली आपणच चालू व्हायची. बाकीचे मेकॅनिक म्हणायचे, झालं ना सुरू, चला घरी. दादा म्हणायचा, "आपोआप काही बंद पडत नाही. कारण सापडल्याशिवाय मी लिफ्ट सोडणार नाही." वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या जिने चढता चढता त्याच्या नावाने खडे फोडायच्या, पण कारण सापडायचं. एखादी झिजलेली स्प्रिंग, वायरवर उंदराचा दात... काही ना काही निघायचंच. तर दरवेळी कारण सापडलेला माणूस, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कारण वहिनी गेली. मटार सोलत बसली होती, टीव्ही चालू, दादा शेजारी बसून दाणे चोरून खातोय, ती म्हणाली, "पुरे की, भाजीला तरी ठेवा," आणि मान टाकली. दादाला वाटलं, रुसली. दवाखान्यात नेलं, सगळं बघितलं, सगळं ठीक होतं... म्हणजे बघा, सगळं ठीक होतं आणि बाई गेली होती. डॉक्टर म्हणाले, "होतं असं कधी कधी." मी त्यांच्या शेजारीच उभा होतो, मी मान हलवली. दादा बघतच राहिला. म्हणाला, "होतं असं? मी गिऱ्हाइकाला असं सांगितलं असतं ना, तर मला जिन्यावरून ढकलून दिलं असतं."

तिथून सुरू झालं. आधी पाण्याच्या टाकीत कोणीतरी काहीतरी मिसळतं. मग समोरच्या गच्चीवरचा मोबाइलचा टॉवर. मग रस्त्यावरचे दिवे, ते लुकलुकतात ते उगाच नाही, कोणालातरी इशारा असतो. हवामानाचा अंदाज मुद्दाम चुकवतात, का, तर माणसं गोंधळलेली राहावीत. टूथपेस्टमधली निळी रेघ... निळ्या रेघेचं जाऊ द्या, मला आता दात घासताना धडधडतं. आणि मी तोंड उघडलं की, "तू आयुष्यभर पडदे विकलेस, पडद्यामागचं तुला काय कळणार?" माझं पडद्यांचं दुकान आहे, हे सांगायचं राहिलंच.

खालचा औषधवाला म्हणतो, "भोळे आहेत हो तुमचे बंधू, कोणीही काहीही सांगावं." भोळा? माझी पुतणी, दादाची मुलगी, कॉलेजात शिकवते, ती म्हणते, "काका, बाबा कोणाचंच ऐकत नाहीत हीच तर पंचाईत आहे. टॉवरविरुद्ध सभा घेतात ना ते लोक, त्यांनाही बाबांनी झापलं, तुमचा अभ्यास कच्चा आहे म्हणून." खरंय तिचं. भोळा तर मी. पांढऱ्या कोटातला माणूस म्हणाला, "होतं असं," मी म्हटलं, "होत असेल," आणि घरी येऊन जेवलो. दादाला जेवण गेलं नाही. एकदा मला म्हणाला, अगदी हळू, "अरे, कोणी केलं असेल तर निदान भांडता तरी येतं. कोणीच केलं नसेल तर मी भांडू कोणाशी?" मला फार वाईट वाटलं. पडद्याचं माप घेता येतं मला, बाकी काय.

मग दादाचंच हृदय मंदावलं. जिन्यात चक्कर येऊन पडला, परत पडला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छातीत छोटंसं मशीन बसवायला हवं, ठोका चुकला की ते सांभाळून घेतं, नाही बसवलं तर कुठल्याही दिवशी... पुतणी रडायलाच लागली. आणि दादा? "छातीत मशीन? म्हणजे मी कुठे जातो, काय बोलतो, सगळं यांना बसल्या जागी कळणार." हात जोडले, पाया पडलो, पुतणीने अबोला धरला, ढिम्म. माणूस डोळ्यांदेखत मरायला निघालाय आणि वर आम्हालाच विचारतोय, तुम्हाला एवढी घाई कसली?

शेवटी आम्ही ठरवलं. मी, पुतणी आणि डॉक्टरीणबाई, दवाखान्याच्या मागच्या खोलीत, दार लावून, कुजबुजत. दुसऱ्या दिवशी मी दादाकडे गेलो, खिडकीचा पडदा ओढला, रेडिओ मोठा केला, आणि म्हटलं, "दादा, माझ्या कानावर आलंय. तू त्यांना नकोयस. मशीन बसलं तर तू जगशील, म्हणून तर मशीन वाईट अशी अफवा त्यांनीच उठवलीय." दादाने रेडिओ आणखी मोठा केला. मग डोळे बारीक करून म्हणाला, "वाटलंच होतं मला." आणि आठवड्याच्या आत ऑपरेशनला तयार. आता? भोळा की हुशार?

ऑपरेशन झालं, ठोके सुरळीत, आम्ही सगळे खूश. दादा पलंगावर उठून बसला, पाय खाली सोडले, घरातल्या चपला पायात सरकवल्या... आणि थांबला. इथे पुतणीने माती खाल्ली होती. दादा हो म्हणायच्या कितीतरी आधी तिने दवाखान्याची पिशवी भरून ठेवली, आणि त्यात त्या चपला घातल्या. त्याच चपला दादा घरभर शोधत होता, आणि मीही त्याच्याबरोबर पलंगाखाली वाकून शोधल्यासारखं करत होतो. दादाने चपलांकडे बघितलं, मुलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पाय वर घेऊन मांडी घातली. मी मनात म्हटलं, मेलो, मेकॅनिक बसला. "चपला आधी गेल्या. मी हो नंतर म्हणालो. म्हणजे मी हो म्हणणार, हे आधीच ठरलं होतं. कोणी ठरवलं?"

तुम्हाला सांगतो, टाकी, टॉवर, दिवे, निळी रेघ, सगळं खोटं, एकच कट खरा निघाला, तो आम्ही घरच्यांनी केलेला, आणि तो या माणसाने चपलांवरून शोधून काढला. मी आता कुठल्या तोंडाने सांगणार, दादा, असं काही नसतं म्हणून? ओरडला असता तर बरं झालं असतं. ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "तिच्या वेळीही डॉक्टरांच्या शेजारी तूच उभा होतास ना रे?"

तेव्हापासून मी त्यांच्यातला. दार उघडतं ते साखळी लावून, पण फटीतून डबा आत जात नाही, म्हणून मग दादा साखळी काढतो, मला टेबलाशी बसवतो, ताट वाढतो आणि म्हणतो, "पहिला घास तू खा." मी खातो. तो घड्याळाकडे बघत थांबतो. मी मरत नाही. "आता भाजी." भाजी खातो, मरत नाही. मग तो जेवायला लागतो. वहिनी गेल्यापासून ओट्याशी उभ्या उभ्या दोन घास खायचा आणि उरलेलं टाकून द्यायचा, आता बसून ताट संपवतो. मी वहिनीच्या खुर्चीवर बसतो, ते त्याला चालतं.

परवा मला जेवताना खरंच ठसका लागला. दादा ताडकन उठला, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवत राहिला. "आता तुझ्याही मागे लागले का रे ते?" त्या दिवशी मी त्यांच्यातला नव्हतो, त्याचा धाकटा भाऊ होतो. दुसऱ्या दिवशी दाराला पुन्हा साखळी.

म्हणून आता मी रोज जेवताना एक खोटा ठसका काढतो. पाठीवर हात येतो. हाही कटच झाला म्हणा. आणि कारण सापडल्याशिवाय साधी लिफ्ट न सोडणारा माणूस, पण रोज त्याच घासाला ठसका का लागतो, हे त्याने अजून एकदाही विचारलेलं नाही. आता यात भोळा कोण आणि हुशार कोण, मला नका विचारू, माझा घसा बसलाय.