दुकानात नसलेला शेठ

हसा, पण ऐका. पनवेलला पत्र्याच्या पेट्यांचं दुकान टाकलं, तेव्हा मला गिऱ्हाइकाला तोंडावर 'नाही' म्हणता यायचं नाही. त्याने भाव पाडून मागितला की मी म्हणायचो, "शेठ बाहेर गेलेत, विचारून सांगतो."

एकदा उरणची मासेवाली मावशी आली. तिला वीस पेट्या हव्या होत्या. एवढं मोठं काम पहिल्यांदाच आलेलं.

"जरा कमी कर."

मी शेठचं सांगितलं.

"मंग बसते मी. येऊ दे तुज्या शेठला."

तासाभराने समोरचा चहावाला माझ्याकडेच बघून ओरडला, "शेठ, चहा एक का दोन?"

मी मान वर केली नाही. मावशी उठली. "पोरा, तुलाच शेठ व्हायची लाज वाटते, त काम कोनाच्या भरवशावर देऊ?"

ती शेजारच्या पेट्यांच्या दुकानात शिरली. भिंतीपलीकडून त्या दुकानदाराचं ऐकू आलं, "नाही परवडत, मावशी."

"बरं, बनव."